बर्फावरची दोन मतं

जोसेटनेच दोघांना घराबाहेर काढलं. पुढे कुणी तो विषय काढला की ती म्हणायची, "भांडायचं तर बाहेर जाऊन भांडा, एवढंच मी म्हणाले. सरोवराच्या मध्यावर जाऊन भांडा, असं नव्हते म्हणाले."

त्या दिवशी विल्माताईचा पासष्टावा वाढदिवस होता. तो जोसेटकडे करायचं ठरलं, कारण रॅबिडो भावंडांपैकी ती एकटीच नदीच्या अलीकडे, गावात राहायची, आणि तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोठं सरोवर पार आभाळाला टेकेपर्यंत दिसायचं. विल्मा आणि क्लेमंट पुलापलीकडे, ओजिब्वे या मूळनिवासी जमातीच्या वस्तीत. जोसेटने रेनो लाम्पी या फिनिश माणसाशी लग्न केलं, तेव्हापासून तिच्या टेबलाच्या एका टोकाला रानतांदूळ आणि धुरावर भाजलेला मासा असायचा, तर दुसऱ्या टोकाला वेलची घातलेला गोड पाव. दोन्ही टोकांची माणसं आधी समोरच्या टोकाचं खायची.

खाण्यावरून भांडण कधीच नव्हतं. भांडण गॅरेजवरून होतं.

विल्मा जमातीच्या परिषदेची अध्यक्ष. क्लेमंट त्याच परिषदेचा सभासद. रेनो गावाच्या बोर्डाचा अध्यक्ष. वस्ती आणि गाव मिळून एकच रुग्णवाहिका आणि एकच बचाव पथक चालवायचं, यावर सोमवारी दोन्हीकडे मतदान व्हायचं होतं. गावाकडे बचावकाम शिकलेली माणसं होती, पण गाडी अशी की पेशंटआधी तिलाच उचलून न्यावं लागावं. वस्तीकडे दवाखाना होता, नवीकोरी गाडी होती, आणि पाण्यावरून नि बर्फावरून सारखीच पळणारी, मागे मोठा पंखा लावलेली बोट होती. पण दिवसरात्र पुरतील एवढी माणसं नव्हती. एकत्र येण्यात शहाणपण आहे हे सगळ्यांनाच पटलं होतं. तरी परिषदेत दोन मतं बाजूने आणि दोन विरुद्ध पडत होती, आणि पाचवं होतं क्लेमंटचं. बोर्डात एक बाजूने, एक विरुद्ध, आणि तिसरं रेनोचं. हे दोघे अडून बसले होते ते गाडीने झोपायचं कुठे यावर.

"आमच्या गॅरेजात," रेनो मासा सोलता सोलता म्हणाला. "तिथे हीटर आहे."

"हीटर आम्हीही लावू," क्लेमंट म्हणाला. "गाडी कुणाची? आमची. मग ती तुमच्या घरी का झोपायची, जावईबापू?"

"माणसं कुणाची? आमची. त्यांनी दर वेळी पूल ओलांडून का यायचं?"

"का? पुलावर भूत आहे?"

"भूत परवडलं, मेहुणे. तुमच्या वस्तीतली कुत्री बघितलीत का?"

"कुत्री माणूस ओळखून भुंकतात."

विल्माने काटा खाली ठेवला. ती काटा ठेवायची तेव्हा परिषदेतसुद्धा शांतता पसरायची. "वाढदिवसाची भेट आणलीत का दोघांनी?"

"आणली ना," दोघेही म्हणाले.

"ती परत न्या. त्याऐवजी जेवण संपेपर्यंत तोंडं मिटा."

त्यांनी ती मिटली, पण क्लेमंट काट्याने ताटावर 'वस्ती' लिहिल्यासारखं काहीतरी गिरवत राहिला, आणि रेनो पावाच्या तुकड्यांचं गॅरेज बांधत बसला. जोसेटला ते पाहवेना. एक सख्खा भाऊ, एक लग्नाचा नवरा, आणि दोघांना मिळून एक धड डोकं दिलं असतं तरी देवाचं काही बिघडलं नसतं, असं तिच्या मनात आलं.

"क्लेमंटदादा, तुझी मासेमारीची झोपडी अजून बर्फावरच आहे ना?" ती म्हणाली. "बर्फ सुटायच्या आत ओढून आण. रेनो, तूही जा. दोघं मिळून ओढा, आणि पोटात आहे ते सगळं तिथेच ओकून या."

दोघेही निघाले. जाताना दारात आधी कोण बाहेर पडणार यावरून थोडी ढकलाढकली झाली.

*

झोपडी म्हणजे चार फळ्या, पत्र्याचं छप्पर आणि खाली घसरायला लाकडी पट्ट्या. क्लेमंटने ती वस्तीच्या बाजूला, नदीच्या मुखापासून थोडी पुढे उभी केली होती. दोर बांधताना त्याचं निम्मं लक्ष बोलण्यात होतं, म्हणून वारा फिरल्याचं त्याला कळलं नाही. हे तो नंतर कुणाजवळही कबूल करायचा नाही. आयुष्यभर या सरोवरावर मासे धरणारा माणूस, आणि जमिनीकडून सुटलेला वारा पाठीवर बसत असताना गॅरेजवर भाषण देत होता.

आवाज फार मोठा नव्हता. जाड कापड कुणीतरी सावकाश फाडत असल्यासारखा.

रेनोने मागे वळून पाहिलं. काठ आणि ते यांच्यामध्ये काळ्या पाण्याची रेघ उमटली होती, आणि बघता बघता ती रुंद होत होती.

"क्लेमंट."

"मध्येच बोलू नकोस. हीटरचं म्हणशील तर—"

"क्लेमंट, आपण चाललो."

क्लेमंटने पाहिलं. मग हातातला दोर खाली टाकला, कारण आता ओढायला जागाच उरली नव्हती. त्यांच्या पायाखालचा बर्फाचा तुकडा अंगणाएवढा होता. झोपडी, दोघे आणि त्यांचं भांडण मावेल एवढा. तो संथपणे, कसलीही घाई नसल्यासारखा, सरोवरात निघाला होता.

"पळून उडी मारता येईल?" रेनोने विचारलं.

"तुला? जेवण झाल्यावर?"

रेनोने खिशातून फोन काढून आणीबाणीचा नंबर फिरवला. फोन उचलणारी बाई दूर, जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेली होती. आवाज गोड, शिकवलेला.

"आपण नदीच्या कुठल्या बाजूला आहात, सर? वस्तीच्या की गावाच्या?"

"बाई, आम्ही पाण्यावर आहोत. बर्फ तुटलाय. दोन माणसं आहेत."

"समजलं, सर. पण कुठल्या बाजूच्या पाण्यावर?"

रेनोने मान वळवली. तुकडा नदीच्या मुखासमोरून सरकत होता. "आत्ता वस्तीच्या. थोड्या वेळाने गावाच्या होऊ."

"मग मी फोन कुणाकडे जोडू?"

"दोघांकडे जोडा!"

"सर, मला एकच बटण दाबता येतं."

रेनोचा चेहरा लाल झाला, मग जांभळा. तो मितभाषी माणूस. लग्नातसुद्धा 'हो' एवढंच बोलला होता, असं रॅबिडो मंडळी सांगत. पण आता तो फोनमध्ये असा काही ओरडला की झोपडीच्या छपरावर बसलेला बगळा उडून गेला. "माणसं बुडताहेत की नाही ते विचारा ना आधी! बाजू कसली विचारता! पाण्याला बाजू असते का?"

क्लेमंट हसायला लागला. आधी खांदे हलले, मग पोट, मग तो झोपडीला टेकून हसत बसला.

"हसतोस काय?"

"काही नाही, जावईबापू. तीस वर्षं हेच सांगतोय तुम्हाला. तुला मात्र अर्ध्या मिनिटात कळलं." मग हसू ओसरलं. "ताईलाही हेच विचारलं होतं त्यांनी. बाबा पडले तेव्हा."

"गाडी उशिरा आली होती का?"

"उशिरा? आलीच नाही. बाबा पुलावर पडले होते. ताईने फोन केला, त्यांनी विचारलं, कुठली बाजू? ती म्हणाली, पुलावर. ते म्हणाले, पुलाच्या कुठल्या बाजूला? तिला सांगता येईना. तिने पूल मोजायचा की बाबांचा हात धरायचा? मग तिने त्यांना मासळीच्या गाडीत घातलं आणि स्वतः हाकत नेलं. पोचेपर्यंत संपलं होतं सगळं."

रेनोने फोन खिशात टाकला. या घरात तो इतकी वर्षं जेवला होता, आणि हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. जोसेटसुद्धा 'बाबांचं हृदय' एवढंच म्हणायची.

"म्हणून गाडी मला आमच्या बाजूला हवी," क्लेमंट म्हणाला. "डोळ्यांसमोर. चावी माझ्या खिशात."

"आणि आमच्या बाजूला कुणी पडलं तर?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

"तुझी बहीण आमच्या बाजूला राहते, क्लेमंट."

क्लेमंट सरोवराकडे बघत राहिला. तुकड्याच्या कडेचा एक कोपरा सुटून शांतपणे वेगळा तरंगायला लागला.

*

काठावर विल्मा आणि जोसेट खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. खिडकीतून आधी जोसेटला दिसलं होतं, आणि ती एप्रनवरच धावली होती.

"दोघांना कुणी पाठवलं?" विल्माने विचारलं.

"ताई, आत्ता ते नको."

"परिषदेची बोट काढायची तर ती चालवायला गावाची शिकलेली माणसं हवीत, आणि त्यांना आपल्या बोटीत बसायला बोर्डाची परवानगी हवी. बोर्डाचा अध्यक्ष तो बघ, तिकडे तरंगतोय."

"आणि परिषदेचं पाचवं मत त्याच्या शेजारी."

"दोन सरकारं एका बर्फावर," विल्मा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता, पण तिने जोसेटचा दंड इतका घट्ट धरला होता की त्यावर दुसऱ्या दिवशी वळ दिसले. "डेल्विन कुठाय? आत्ता तर टेबलाशी होता."

डेल्विन विल्माचा मुलगा. परिषदेची बोट त्याच्याच ताब्यात असायची.

"हेल्मीही दिसत नाही," जोसेट म्हणाली. हेल्मी तिची मुलगी, गावाच्या बचाव पथकात नोकरीला. दोघांच्याही ताटांत अर्धवट खाल्लेलं तसंच पडलं होतं.

तेवढ्यात नदीच्या मुखाकडून प्रचंड घरघर सुरू झाली. क्लेमंटच्या मासळीच्या शेडची दारं उघडी होती, आणि तिच्यातून पंख्याची बोट बर्फावर घसरत बाहेर येत होती. चालवायला डेल्विन. पुढे, गावाच्या पथकाचा केशरी पोशाख चढवून, हातात दोर घेतलेली हेल्मी.

दोघी बहिणी बोटीकडे बघत राहिल्या. मग एकमेकींकडे.

"परिषदेची बोट क्लेमंटच्या शेडमध्ये काय करत होती, ताई?"

"तुमच्या पथकाचा पोशाख माझ्या मुलाच्या बोटीत काय करत होता?"

जोसेटने नजर चुकवली. "हेल्मीने पथकाच्या कपाटाची किल्ली मागितली होती. दर मंगळवारी. मी विचारलं नाही कशाला ते."

"डेल्विनने शेडची मागितली," विल्मा म्हणाली. "क्लेमंट हिवाळ्यात तिकडे फिरकत नाही, म्हणून दिली मी. तू मला सांगितलं नाहीस!"

"तू तरी कुठे सांगितलंस!"

"मी अध्यक्ष आहे. मी कसं सांगणार?"

"मी अध्यक्षाची बायको आहे!"

दोघींना हसू आलं. बोट पाण्यात उतरली होती. हिवाळाभर कुणाचीही परवानगी न घेता, कुठलाही ठराव न करता, ही दोन पोरं मिळून सराव करत होती.

*

बोट जवळ येताना रेनोला पहिल्यांदा आपल्या मुलीचा चेहरा दिसला. तो चेहरा त्याला नवीन होता. घरी चहाचा कप कुठे ठेवला ते विसरणारी ही पोरगी इथे एकेक इंच नजरेने मोजत होती.

"पप्पा, उभे राहू नका. पोटावर झोपा. मामा, तूसुद्धा. एकेक करून यायचं."

"आधी मामा," रेनो म्हणाला. "तो मोठा आहे."

"आधी तो," क्लेमंट म्हणाला. "तो गावाचा अध्यक्ष. उद्या पेपरात येईल, वस्तीच्या बोटीने अध्यक्षाला मागे ठेवलं."

"मला अजिबात घाई नाही."

"मला तर त्याहून नाही."

"तुमच्या दोघांच्या—" हेल्मी पुढचं फिनिशमध्ये बोलली, आणि रेनोचा जबडा खाली पडला. हा शब्द तिला आजीकडून, म्हणजे त्याच्या आईकडून कळला असणार, असं त्याला वाटलं. "गप्प झोपा! ज्याच्याकडे दोर येईल तो आधी!"

दोर रेनोकडे आला. तो हात पुढे करून सरकला आणि त्याच क्षणी त्याच्याखालचा बर्फ तिरका झाला. कमरेपर्यंत तो पाण्यात गेला. थंडी अशी होती की ओरडायलाही श्वास उरला नाही. पाय खाली, आणखी खाली ओढले जात होते, आणि हातांना नुसता गुळगुळीत बर्फ लागत होता.

मग मागून कुणीतरी कॉलर पकडली. क्लेमंट पालथा पडून, गालाखाली बर्फ, दोन्ही हातांनी त्याला धरून होता.

"सोडू नकोस," रेनो कसाबसा म्हणाला.

"सोडीन कसा? जोसेटला तोंड कोण दाखवेल?" क्लेमंटचे दात कडकडत होते. "ओढ, पोरी! जड आहे तुझा बाप!"

हेल्मीने दोर स्वतःच्या कमरेला आवळला, डेल्विनने बोट तिरपी आणून लावली, आणि रेनो आधी, त्याच्या मागोमाग क्लेमंट, असे दोघे जाळ्यातल्या मोठ्या माशांसारखे बोटीच्या तळावर येऊन पडले. झोपडी मात्र तशीच, दार उघडं ठेवून, गावाच्या हद्दीत तरंगत गेली.

ब्लँकेटमध्ये गुंडाळलेल्या क्लेमंटने थोड्या वेळाने विचारलं, "इतक्या लवकर आलात कुठून?"

डेल्विनने पंख्याचा आवाज कमी केला. "तुझ्या शेडमधून, मामा."

"माझ्या?"

"परिषदेच्या गॅरेजातून यायचं तर सगळी वस्ती फिरून यावं लागतं. गावाच्या गॅरेजात काठच नाही. तुझी शेड पुलाला लागून, पाण्याला लागून. तिथून दोन्हीकडे लगेच पोचता येतं."

"आणि माझी जाळी?"

"नीट गुंडाळून ठेवलीत. तुझ्यापेक्षा नीट," हेल्मी म्हणाली.

क्लेमंट रेनोकडे वळला. रेनोने डोळे मिटून घेतले होते, पण त्याच्या मिशा हलत होत्या.

*

रेनोच्या घरामागे काठावर लाकडी सौना होती, दगड तापवून अंगात ऊब भरायची खोली. हेल्मीने आधी दोघांना कोरडे कपडे दिले, गरम पाणी पाजलं, नाडी बघितली, कानामागे हात लावून बघितला, आणि दोघांचंही थरथरणं पूर्ण थांबल्यावर मगच आत जायला परवानगी दिली. दोघे आत गेल्याबरोबर विल्माने बाहेरची खुर्ची ओढून दाराला लावली आणि तिच्यावर बसली.

"ताई, हे काय?" आतून क्लेमंट.

"तुझ्या बाजूने बोल किंवा त्याच्या, मी उठणार नाही. मिळून काहीतरी बोललात की उठेन."

सोमवारी सकाळी गावाच्या शाळेच्या हॉलमध्ये परिषद आणि बोर्ड पहिल्यांदा एकत्र बसले, आणि पाच विरुद्ध तीन मतांनी सगळं मंजूर झालं. पण ते नुसतं हात वर करणं होतं. ठराव झाला तो त्या लाकडी खोलीत.

विल्माला आतलं सगळं ऐकू येत नव्हतं. दगडांवर पाणी पडल्याचा आवाज, मग क्लेमंटची शिवी, मग बराच वेळ पुटपुट. एकदा 'शेड' ऐकू आलं. एकदा 'हीटर'. मग 'बाबा' असा शब्द आला आणि तिने कान दाराला लावला, पण त्यानंतर दोघेही इतके हळू बोलत होते की काही कळेना.

"ताई, ऐकतेस ना?"

"मी झोपलेय."

"गाडी आणि बोट माझ्या शेडमध्ये. हीटर गावाचा."

"बरं."

"आणि ठरावात एक वाक्य घालायचं. फोन उचलणाऱ्याने काय झालं ते विचारायचं, आणि गाडी सोडायची. बाजू विचारायचीच नाही. कुणालाच. कधीच."

विल्माने हातमोजा दारावर टेकवला.

"हे कुणी सुचवलं?" अखेर तिने विचारलं.

"लाम्पीने," क्लेमंट म्हणाला.

"दोघांनी," रेनो म्हणाला.

"ताई, उघड आता, शिजलो आम्ही!"

विल्मा उठली. खुर्ची बाजूला केली. दार ढकलून दोघे बाहेर आले, टॉवेल गुंडाळलेले, लालभडक, वाफाळणारे. घरातून धावत आलेल्या जोसेटने आधी नवऱ्याला एक गुद्दा मारला, मग भावाला, आणि मग तिचं लक्ष विल्माकडे गेलं.

विल्मा बर्फात बसली होती. खुर्ची शेजारीच होती, तरी ती बर्फात बसली होती. जमातीची अध्यक्ष, दवाखाना उभा करताना राजधानीतल्या बड्या माणसांना रडवून परत आलेली बाई, आता हातमोजे तोंडावर धरून रडत होती. बाबांच्या दफनाच्या वेळीसुद्धा तिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं. तिला रडताना कुणी पाहिलेलं चालायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आधी क्लेमंटने पाठ फिरवली. मग जोसेटने. मग डेल्विन, हेल्मी आणि टॉवेलमधला रेनो. पाचही जण एका रांगेत सरोवराकडे तोंड करून उभे राहिले.

"बराच बर्फ गेला नाही?" क्लेमंट म्हणाला.

"बराच," जोसेट म्हणाली.

"वारा पडलाय."

"पडलाय खरा."

"मासे यंदा लवकर येणार, असं दिसतं," रेनो म्हणाला. त्याला माशांतलं काही कळत नव्हतं, पण कुणी हसलं नाही.

मागे विल्माने नाक शिंकरलं, दणक्यात. "झालं माझं. वळा."

कुणी वळलं नाही.

"अजून थोडं रडायचं असेल तर रड, ताई," क्लेमंट सरोवराला उद्देशून म्हणाला. "आम्हाला काही घाई नाही."

रेनोला घाई होती. तो अनवाणी होता. पण तोही वळला नाही.